पहिलं झाकण

झाकण उघडलं, वाफ तोंडावर आली, आणि वास आला नाही. त्यानं झाकण परत ठेवलं. चुकून भलत्याच खोलीचं दार उघडावं, आत अनोळखी माणसं जेवायला बसलेली दिसावीत आणि आपण ओशाळून दार ओढून घ्यावं, तसं. मग पुन्हा उघडलं. गरम पाण्यात सॉसेज होते तसेच होते, तीसेक असतील, एकमेकांना टेकून हळूहळू फुगत चाललेले. वाफ चष्म्यावर बसली. ती शर्टाच्या टोकानं पुसून त्यानं मान आणखी खाली घातली, इतकी की नाकाचा शेंडा चटकला. काही नाही. तव्यावर कांदा टाकला. कांदा चरचरला, कडा तांबूस व्हायला लागल्या, डोळे भरून आले, गालावरून एक थेंब ओघळला सुद्धा. कांदा रडवत होता, म्हणजे कांदा खरा होता. पण रडवणाऱ्या त्या कांद्याला वास नव्हता, आणि असला कांदा त्यानं पंचावन्न वर्षांत पाहिला नव्हता. मागच्या आठवड्यात सर्दी झाली होती, तीन दिवस ताप होता, चौथ्या दिवशी सगळं उतरलं आणि आज तो कामावर आला होता. नाक मोकळं होतं. हवा सरळ आत जात होती, सरळ बाहेर येत होती, आणि येताना-जाताना काहीच घेऊन येत नव्हती. तेवढ्यात हॉस्पिटलच्या फाटकातून रात्रपाळी संपवलेली पहिली नर्स बाहेर आली, रस्ता ओलांडून गाडीपाशी उभी राहिली आणि डोळे मिटून म्हणाली, "काका, काय मस्त वास सुटलाय हो! वरपर्यंत येतोय." तो म्हणाला, "हो ना." आणि चिमट्यानं सॉसेज उचलताना त्याच्या लक्षात आलं की एकोणीस वर्षांत गिऱ्हाइकाशी आपण हे पहिलंच खोटं बोललो.

एकोणीस वर्षं. त्याआधी तो पंख्यांच्या कारखान्यात तारा गुंडाळायचा. तिथं नाकाचं काही काम नव्हतं, बोटांचं होतं. कारखाना बंद पडला तेव्हा त्यानं ही गाडी एका म्हाताऱ्या गाडीवाल्याकडून घेतली. म्हाताऱ्याचे गुडघे गेले होते. त्यानं आठ दिवस शेजारी स्टुलावर बसून शिकवलं. पाव वाफेवर किती वेळ ठेवायचा, मोहरीचा सॉस एका रेषेत कसा ओढायचा, छत्रीचा दांडा वाऱ्याच्या कोणत्या बाजूला झुकवायचा. शेवटच्या दिवशी त्यानं पाकिटावरची तारीख दाखवली आणि म्हणाला, "ही तारीख ज्यानं छापली तो तुझ्या गिऱ्हाइकाला ओळखत नाही. नाकाला विचार. नाक 'नको' म्हणालं तर सगळं ओतून दे आणि घरी जा." तेव्हापासून तो नाकाला विचारत आला होता, आणि हळूहळू नाक न विचारताच सांगायला लागलं होतं. हॉस्पिटलसमोरच्या त्या कोपऱ्यावर उभं राहून राहून त्याला माणसं दिसायच्या आधी कळायची. लहान मुलांच्या वॉर्डातून येणाऱ्या आयांना दुधाचा आणि पावडरचा वास यायचा. त्यांना तो मऊ पाव द्यायचा, कारण त्या एका हातानं खायच्या. भाजलेल्यांच्या वॉर्डातली माणसं मलमाच्या वासासकट यायची आणि खाता खाता मध्येच थांबायची. त्यांचा हॉटडॉग तो कागदात दोनदा गुंडाळायचा, उरलेला नेता यावा म्हणून. आणि मागच्या बाजूच्या शवागाराच्या त्या थंड खोलीतून आलेल्यांना कसलाच वास नसायचा. त्यांना तो काही विचारायचा नाही, नुसता पाण्याचा ग्लास पुढं करायचा. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं आहे असं वाटलंच नव्हतं. आपल्याला ऐकू येतं हे कुणी कुणाला सांगतं का? त्या दिवशी मात्र गिऱ्हाइकं एकामागून एक येत राहिली आणि सगळी सारखी होती. हात पुढं येत, तोंडं हलत. एका बाईला त्यानं कडक पाव दिला आणि ती गेल्यावर तिच्या कडेवरचं झोपलेलं मूल त्याला दिसलं.

दिवसभर तो चोरासारखा वागला. कुणी "वा!" म्हटलं की दचकायचा. दोन पावलांवर फुलवाली तिच्या बादल्यांमध्ये बसली होती. तिनं एकदा मान वर करून पाहिलं आणि नेहमीसारखं नाक मुरडून पुन्हा खाली घातली. तिचं नाक मुरडणं हा अकरा वर्षांचा कार्यक्रम होता. ती आली तेव्हा हवेच्या नेमक्या वाटेवर बसली, आणि तिसऱ्याच दिवशी म्हणाली, "अहो गाडीवाले, माझ्या लिलीला तुमच्या कांद्याचा वास लागतो. लोक पेशंटला फुलं नेतात, कांदे नाही. दहा पावलं सरका की." तो म्हणाला होता, "मी आधीचा आहे. तुम्ही सरका." तिनं पालिकेत तक्रार केली. इन्स्पेक्टर टेप घेऊन आला, दोघांच्या जागा मोजल्या, दोघंही आपापल्या रेघेत निघाली, आणि दोघांनाही हरल्यासारखं वाटलं. त्यानंतर बोलणं बंद. ती पाणी शिंपडायची ते त्याच्या चाकांपर्यंत यायचं, तो कांदा परतायचा तो तिच्या गुलाबांपर्यंत जायचा. घरी तो बायकोला सांगायचा, "ती बाई नाकानं कांदे सोलते, आणि कांदे माझे!" बायको दर वेळी हसायची. आज त्याला वाटलं, त्या बाईकडे निदान मुरडायला नाक तरी आहे.

घरी त्यानं काही सांगितलं नाही. बायको शिलाईच्या दुकानात कपडे दुरुस्त करायची, संध्याकाळी त्याच्या आधी पोचायची आणि तो आला की ताट वाढायची. ताटात काय आहे ते डोळ्यांनी कळत होतं. जिभेला खारट कळत होतं, तिखट कळत होतं, आणि त्यापुढं सगळं ओल्या पुठ्ठ्यासारखं. तो जरा जास्तच छान म्हणाला, तेव्हा ती थांबून त्याच्याकडे बघायला लागली. "कालचंच आहे," ती म्हणाली. नंतर ती भांडी घासत असताना त्यानं कपाटातली पत्र्याची पेटी काढली. तीत त्याच्या वडिलांचा मफलर होता. वडील रंगाच्या कारखान्यात होते. मरून तेवीस वर्षं झाली होती, आणि मफलरला अजून टर्पेंटाइनचा, बिडीचा आणि थंडीतल्या सकाळचा वास होता. वर्षातून एकदा, कधी दोनदा, तो मफलर नाकाशी धरायचा. लगेच वडील समोर यायचे असं नव्हे, पण ते आत्ताच बाहेर गेलेत आणि येतील, असं वाटायचं. त्यानं मफलर तोंडावर धरला. लोकर गालाला टोचली. त्यानं जोरात श्वास ओढला, पुन्हा ओढला, एक धागा नाकात गेला आणि शिंक आली. स्वयंपाकघरातून बायको ओरडली, "परत सर्दी का हो?" तो म्हणाला, "नाही. धूळ." त्यानं पेटी बंद केली. माणूस एकदा मरतो, त्याची सवय होते. हे काहीतरी वेगळंच होतं. वास तिथंच होता, मफलरात, एक वीत अंतरावर. फक्त त्याला आत घेणारं कुणी उरलं नव्हतं. आणि त्याला एकदम वाटलं की हळूहळू हे सगळंच असं होणार. पावसाच्या आधीची माती, बायकोच्या मानेपाशी सुती कपड्याचा आणि इस्त्रीचा जो एक वास असतो तो, लेक लहान होती तेव्हाच्या तिच्या केसांचा. सगळं शाबूत राहणार आणि आपण मात्र त्याच्या दाराबाहेर.

तिसऱ्या दिवशी तो समोरच्याच हॉस्पिटलात गेला. कान-नाक-घशाचे डॉक्टर त्याचं रोजचं गिऱ्हाईक होते, डबल मोहरीवाले. त्यांनी एकेक बाटली त्याच्या नाकाखाली धरली. "झोंबतंय?" "झोंबतंय." "वास?" "नाही." "झोंबणं वेगळं, वास वेगळा," डॉक्टर म्हणाले. "दोघांच्या वायरी वेगळ्या. तुमची वासाची वायर तापानं दुखावलीय. सांधेल. बहुतेक. सहा महिने लागतील, वर्ष लागेल, काहींची सांधत नाही." कारखान्यात वर्षानुवर्षं तारा गुंडाळलेल्या माणसाला हे समजलं, आणि समजल्यामुळं जास्तच वाईट वाटलं. जळालेली गुंडाळी त्यानं शेकडो वेळा उलगडून फेकली होती. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला. लिंबू, लवंग, निलगिरीचं तेल आणि ताजा गुलाब, चारही रोज दोनदा नाकाशी धरायचे आणि आठवायचं की यांचा वास कसा होता. "आणि तुमचा धंदा खाण्याचा आहे," ते म्हणाले, "थर्मामीटर ठेवा, तारखा बघा, जपून राहा." तो उठताना म्हणाला, "डॉक्टरसाहेब, बाहेर कुणाला..." "मी डॉक्टर आहे हो," ते म्हणाले, "वर्तमानपत्र नाही."

आता आली का पंचाईत. लिंबू, लवंग, निलगिरी मिळाली, पण ताजा गुलाब दोन पावलांवर असताना आणायचा कुठून? तो रोज सकाळी बाजाराच्या मागल्या टोकाला वळसा घालून एक गुलाब घ्यायला लागला आणि शर्टाच्या खिशात खोचून यायला लागला. पहिल्याच दिवशी फुलवालीनं तो पाहिला. दुसरीकडून आणलेला गुलाब, तिच्या डोळ्यांसमोर, तिच्या शेजाऱ्याच्या खिशात! तिच्या नाकाला अशा काही मिरच्या झोंबल्या की तिनं अख्खी बादली त्याच्या चाकांवर रिकामी केली. तो गाडीमागं वाकून गुलाब नाकाशी धरायचा आणि आठवायचा प्रयत्न करायचा. आठवायचं म्हणजे काय, हेच त्याला कळेना. गुलाबाचा रंग आठवायचा, काटा आठवायचा, ज्या ज्या वेळी गुलाब हातात होता त्या वेळा आठवायच्या. वास मात्र यायचा नाही. शब्द जिभेवर यावा आणि तिथंच अडकावा, तसं व्हायचं. सातव्या दिवशी तर त्याला शंकाच आली की गुलाबाला वास असतो हे आपण ऐकीव तर धरून बसलो नाही ना.

नवव्या दिवशी झालं ते असं. सगळ्या गाड्या रात्री एका गोदामात लागायच्या आणि माल तिथल्याच मोठ्या थंड खोलीत असायचा. आदल्या रात्री ती खोली बंद पडली होती आणि पहाटे पुन्हा चालू झाली होती, कुणाच्या लक्षात न येता. सकाळी त्यानं माल काढला तेव्हा पाकिटं हाताला गार लागली. तारीख पुढची होती. एक-दोन सॉसेज बोटांना जरा बुळबुळीत लागले, ते त्यानं धुऊन घेतले. पाणी तापलं, त्यात थर्मामीटरची सुई घातली, काटा हवा तिथं आला. त्याला बरं वाटलं. आपण सांभाळून घेतोय असं वाटलं. पहिलं गिऱ्हाईक म्हणजे एक चुरगळलेल्या शर्टाचा माणूस होता. बायकोला कळा सुरू होऊन चौदा तास झाले होते आणि त्यानं काल दुपारपासून काही खाल्लं नव्हतं. त्यानं हॉटडॉग घेतला, वर भरपूर मोहरी मागितली, तोंडाजवळ नेला. आणि फुलवाली ओरडली, "अहो! थांबा!" ती बादली ओलांडून आली, ओल्या हातानं त्या माणसाच्या हातातला हॉटडॉग हिसकावून घेतला आणि खाली टाकला. माणूस बघतच राहिला. तिनं सॉसेजच्या भांड्याचं झाकण उचललं आणि पदरानं तोंड झाकून मागं सरली. "शी! अहो, सगळं सडलंय हे. मला तिथं बसून उमासे येतायत! तुमचं नाक कुठं गेलंय?" अकरा वर्षांनी ती त्याच्याशी बोलली होती, आणि त्यानं तिला उत्तर दिलं. "गेलंय," तो म्हणाला. "खरंच गेलंय हो."

 तिनं त्याच्या तोंडाकडे बघितलं. मग वळून तिनं आपल्या पिशवीतून बिस्किटांचा पुडा काढला, त्या बाप होऊ घातलेल्या माणसाच्या हातात कोंबला आणि म्हणाली, "जा, आत जा, बायकोपाशी थांब." तो माणूस गेला. गाडीवाल्यानं गॅस बंद केला, भांडं उचललं, कोपऱ्यावरच्या कचऱ्याच्या मोठ्या डब्यात सगळं ओतलं, पावांसकट, कांद्यासकट. ओतून झाल्यावर रिकामं भांडं घेऊन तिथंच उभा राहिला. त्याला दिसत होतं ते ओतलेलं नव्हे, ते ओतलं गेलं नसतं तर कुणाकुणाच्या पोटात गेलं असतं ते. तो माणूस, त्याच्यामागून नर्सा, मुलांच्या वॉर्डातल्या आया, पाव एका हातात धरून खाणाऱ्या. तिनं एक बादली उलटी करून त्याच्याकडे सरकवली. तो बसला, आणि त्यानं सगळं सांगितलं. सर्दी, झाकण, डॉक्टर, वायरी. मफलरचंही सांगितलं, जे कुणाला सांगायचं नव्हतं. ती देठ छाटत ऐकत होती. शेवटी म्हणाली, "म्हणजे तो गुलाब औषधाचा होता?" तो म्हणाला, "हो." ती म्हणाली, "आणि औषधसुद्धा तुम्ही शिळं आणत होता. बाजारातला तो दोन दिवसांचा असतो. मला लांबून दिसत होतं." एवढं बोलून तिनं एक गुलाब बादलीतून उचलून त्याच्या गाडीवर ठेवला आणि आपल्या जागी जाऊन बसली.

त्या संध्याकाळी त्यानं बायकोला सांगितलं. परक्या बाईला कळलं आणि घरात माहीत नाही, हे त्याला सहन होईना.  "म्हणजे परवा दूध करपलं आणि तुम्ही शेजारी बसून पेपर वाचत होतात," ती म्हणाली, "मला वाटलं, माझ्यावर राग काढताय." मग म्हणाली, "नऊ दिवस." मग म्हणाली, "आणि आधी तिला सांगितलंत." या तीन वाक्यांत तिचा आवाज तीनदा बदलला. तिसऱ्यांदा आवाज असा झाला की तो उठून तिच्याजवळ गेला. तिनं त्याचं डोकं ओढून आपल्या खांद्यावर घेतलं. इस्त्रीचा वास तिथं असणारच. त्यानं तो शोधला नाही. खांदा गरम होता, तेवढं घेतलं.

दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्टर आला. तोच, टेपवाला, आता केस पिकलेले. त्याच गोदामातल्या दुसऱ्या दोन गाड्यांवर खाऊन काल माणसं आजारी पडली होती आणि गोदामातल्या प्रत्येक गाडीची तपासणी चालली होती. "काल तुम्ही माल विकलात?" "नाही साहेब. ओतून दिला." "का? तारीख तर पुढची होती. कसं कळलं?" त्याला उत्तर सोपं होतं. वासावरून, एवढं म्हटलं की संपलं. तो म्हणाला, "मला नाही कळलं. यांना कळलं. मला तापानंतर वास येत नाही." इन्स्पेक्टरचं पेन थांबलं. आता गाडी गेली, त्याला वाटलं, आणि गंमत म्हणजे वाटून जरा हलकंही झालं. इन्स्पेक्टर फुलवालीकडे वळला. "तुमची तर यांच्यावर तक्रार होती ना? वास येतो म्हणून?" "होती," ती म्हणाली. "आता वास येतो म्हणूनच कळलं. आणि काळजी करू नका साहेब, यांचं पहिलं झाकण रोज माझ्यासमोर उघडतं. मी वास घेते, मग विक्री. विचारा कुणालाही." इन्स्पेक्टरनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. मग लिहिलं. माल नष्ट केलेला, भांडी स्वच्छ, हरकत नाही. इन्स्पेक्टर वळणावर दिसेनासा झाल्यावर गाडीवाल्यानं तिला विचारलं, "रोज?" ती म्हणाली, "मग? सरकारी माणसाला खोटं सांगितलंय, आता ते खरं करायला नको?"

तसं ते सुरू झालं. रोज सकाळी साडेसहाला ती पदराला हात पुसत यायची, तो झाकण उचलायचा, ती वाकायची. पहिल्या दिवशी म्हणाली, "चांगलं आहे." त्यानं विचारलं, "चांगलं म्हणजे?" "म्हणजे चांगलं. आता काय गाऊन दाखवू?" पण दुसऱ्या दिवशीही त्यानं विचारलं आणि तिसऱ्या दिवशीही, आणि तिला सांगावं लागलं. आधी अडखळत. "खारट. जरा धुरकट." मग पुढं पुढं, "कालच्यापेक्षा गोडसर आहे, मिरी कमी आहे." एकदा पावाचं झाकण उघडून ती म्हणाली, "धुतलेल्या चादरीला उन्हातून काढल्यावर असतो ना, तसा." तो दिवसभर त्या चादरीत होता. कामाच्या घाईत मध्येच त्याला वाटायचं, हे काय चाललंय आपलं. छप्पन्नाव्या वर्षाकडे निघालेला माणूस, स्वतःच्या पायावर उभा असलेला, कारखाना बुडाला तेव्हाही कुणाच्या दारात न गेलेला, आता रोज सकाळी दुसऱ्या कुणी आपल्या भांड्यावर वाकल्याशिवाय आपला दिवस सुरू होत नाही. याची लाज वाटायला हवी होती. तो ती शोधायचा, खिशात किल्ली शोधावी तशी, आणि ती नसायची. जे होतं त्याला शब्द मिळत नव्हता. आभार हे स्टेजवर मानतात. उपकार म्हटलं की मान खाली जाते, आणि त्याची मान तर बऱ्याच दिवसांनी वर होती. थँक्यू गिऱ्हाइकं फोनमध्ये बघत म्हणतात. शेवटी शब्द सापडेना म्हणून त्यानं एका सकाळी गाडी दहा पावलं पलीकडे नेऊन लावली, वाऱ्याच्या दुसऱ्या बाजूला, तिनं अकरा वर्षांपूर्वी सांगितलं होतं तिथं. ती आली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "हे काय?" "तुमच्या फुलांना कांद्याचा वास लागतो ना." "अहो, पण तिथून मला कसा यायचा? सकाळी मी बघते ते ठीक, पण दुपारी दोनला काही बिघडलं तर काय मी धावत येऊ? आणा परत इकडे." त्यानं गाडी परत आणली. चाकं तिच्या पाण्यातून गेली तेव्हा ती पुटपुटली, "नाहीतरी लोक तुमच्याकडे खायला थांबतात तेव्हाच त्यांना फुलं दिसतात. नुसत्या फुलांसाठी कोण थांबतं?" आणि मग तिला वाटलं असावं की आपण जास्त बोललो, कारण तिनं लगेच नाक मुरडलं. पण ते नाक आता त्याला वेगळं दिसलं. त्यावर त्याचा जीव होता.

दोन महिन्यांनी ती म्हणाली, "मला चार दिवस भावाकडे जायचंय. वहिनीचं ऑपरेशन आहे." त्याची नजर आधी आपल्या भांड्याकडे गेली, आणि लगेच त्याला त्या नजरेचीच लाज वाटली. वहिनी आजारी आणि आपल्याला आपल्या भांड्याची पडलीय. "जा, जा," तो म्हणाला. "मी चार दिवस बंद ठेवतो." "बंद कशाला? घरात कुणाला नाक नाही का?"  बायको या कोपऱ्यावर कधी आली नव्हती. सकाळी तिचा बोळ वेगळा, त्याचा वेगळा, एकोणीस वर्षं. संध्याकाळी त्यानं घाबरत घाबरत विचारलं. बायको सुईत दोरा ओवत होती. दोरा आरपार काढून, गाठ मारून ती म्हणाली, "मी वाट बघत होते, कधी विचारताय."

फुलवाली गेली त्या सकाळी बायको त्याच्याबरोबर निघाली. गोदामात तिनं गाडीच्या दुसऱ्या दांड्याला हात लावला आणि दोघांनी ती चढावरून ढकलत आणली. तिला दम लागला पण तिनं हात सोडला नाही. कोपऱ्यावर रिकाम्या बादल्या उलट्या करून ठेवल्या होत्या. त्यानं छत्री उघडली, पाणी तापवलं, पाव मांडले. ती बाजूला उभी राहून बघत होती. त्याच्या हातांकडे, झपाझप चाललेल्या. हे हात ती रोज बघायची, पण घरी आल्यावर, दमलेले. पाणी उकळलं. "ये," तो म्हणाला आणि झाकण उचललं. वाफ तिच्या तोंडावर आली. तिनं डोळे मिटले. तिच्या कपाळावर बारीक थेंब जमले, आणि तो त्या मिटलेल्या डोळ्यांकडे बघत उभा राहिला. त्यानं विचारलं, "कसा आहे?"  तिला घाई नव्हती. मग डोळे न उघडताच म्हणाली, "भूक लागेल असा."

त्यानं पाव काढला, सॉसेज ठेवला, कांदा घातला, मोहरीची रेघ एका दमात ओढली आणि कागदात गुंडाळून तिच्या हातात दिला. ती फुटपाथवर उभ्यानं खायला लागली. रस्त्यापलीकडून फाटकातली पहिली नर्स आली, थबकली आणि म्हणाली, "काका, नवीन माणूस?" "नवीन कुठलं," तो म्हणाला, "चोवीस वर्षं जुनं आहे." नर्स हसली. बायकोचं तोंड भरलेलं होतं, तिनं नुसताच कोपर त्याच्या बरगडीत मारला. मागून आणखी दोन नर्सा येत होत्या, पलीकडून झाडूवाला येत होता, आणि बायको तोंडातला घास गिळून त्याला म्हणाली, "बघताय काय? हिला द्या ना, रात्रभर उभी होती पोर." तो म्हणाला, "देतो," आणि त्यानं पुढचा पाव उघडला.